खोकणारी रेफरी

गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारिंगी होते. हे आधीच सांगून टाकते. मलाही सांगितलं होतं, पण त्या दिवशी इतकं काही सांगितलं गेलं की ते डोक्यात शिरलंच नाही, आणि मी हॉस्पिटलच्या बाथरूममधली बेल दाबून नर्सला बोलावलं. घामही थोडा नारिंगी येतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर काढून ठेवा, डाग पडतात.

मला फुप्फुसांचा टीबी झाला तेव्हा मी सिडनीत शिकत होते. आता जपानमध्ये राहते आणि बायकांच्या व्यावसायिक कुस्तीत रेफरीचं काम करते. भेटणारे लोक जपानबद्दल विचारतात. टीबीबद्दल विचारणाऱ्या मुली मेसेज करतात, बहुतेक वेळा नाव लपवून. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधीचं थोडं

मी नागपूरची. शाळेत असताना मावसभावाच्या कॉम्प्युटरवर जपानी बायकांच्या कुस्तीचे तुकडे पाहायचे. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, पडणं मात्र खरं असतं. दोघी एकमेकींना उचलून आपटायच्या, रडायच्या आणि शेवटी वाकून नमस्कार करायच्या. माझं लक्ष त्यांच्यापेक्षा रेफरीकडे असायचं. प्रेक्षक त्याच्याकडे बघत नाहीत, पण कोणाला किती लागलंय हे रिंगमध्ये त्याला सगळ्यात आधी कळतं. मला ते काम हवं होतं. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "आधी डिग्री घे."

डिग्रीसाठी सिडनीला आले. तिथल्या पॅरामॅटा भागातल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, अकाउंटिंगचं मास्टर्स. त्या वर्षांत जवळच्या टूनगॅबी उपनगरात स्टेशनपासून चालत जावं तर दर दुसऱ्या घराच्या गॅरेजमध्ये आपली मुलं राहत होती. मी आणि पुण्याची प्रणाली मनजीत आंटींच्या घरात खालच्या एका खोलीत राहायचो. दोन गाद्या, मध्ये एक टेबल फॅन.

कुस्तीची शाळा मी पहिल्याच सेमिस्टरला शोधून काढली. टायरच्या दुकानामागे एक शेड होती, तिथे डॅरेनने रिंग उभी केली होती. डॅरेन दिवसा इलेक्ट्रिशियन आणि संध्याकाळी कोच.

"रेसलर व्हायचंय?" त्याने विचारलं.

"रेफरी."

तो म्हणाला, "हे आजवर कोणी मागितलं नाही. नो वरीज. पण पडायला तुलाही शिकावं लागेल."

मी पडायला शिकले. हनुवटी छातीशी, हात पसरून मॅटवर चापट. जूनमध्ये, तिकडच्या हिवाळ्यात, खोकला लागला तेव्हा मला वाटलं, मॅटची धूळ असेल. जीन्स सैल व्हायला लागल्या तेव्हा वाटलं, व्यायामाने बारीक होतेय.

साएको-सान

ऑगस्टमध्ये डॅरेनच्या बोलावण्यावरून साएको-सान आठवडाभर शिकवायला आल्या. त्या स्वतः रिंगमधून निवृत्त झालेल्या, पन्नाशीच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. जपानमध्ये त्यांची बायकांच्या कुस्तीची छोटी कंपनी होती. इंग्लिश मोजकंच. सरावाची एक लढत मी रेफरी म्हणून सांभाळली, ती त्यांनी कोपऱ्यात उभं राहून पाहिली.

शेवटच्या दिवशी त्यांनी डॅरेनला सांगितलं आणि डॅरेनने मला. परदेशातून येणाऱ्या मुलींशी इंग्लिशमध्ये बोलू शकेल अशी रेफरी त्यांना हवी होती. नोव्हेंबरात महिनाभर यायचं, काम बघायचं, जमलं तर राहायचं.

मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं आणि खोकले. साएको-सान माझा खोकला थांबेपर्यंत बघत राहिल्या.

"खोकला. कधीपासून?"

"दोन-तीन आठवडे," मी म्हटलं.

"हिवाळा सुरू झाल्यापासून आहे," डॅरेन म्हणाला.

"आज डॉक्टर," त्या म्हणाल्या.

"माझी असाइनमेंट आहे, मी सोमवारी..."

"आज."

त्या लहान असताना त्यांच्या आईला हाच आजार झाला होता आणि त्यांना वर्षभर मावशीकडे ठेवलं होतं. हे मला खूप नंतर कळलं.

एक्स-रे

जीपीने, म्हणजे जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने, वेस्टमीडच्या हॉस्पिटलला एक्स-रेला पाठवलं. एक्स-रे काढणारी बाई बोलकी होती. मला लव्ह म्हणत होती, युनी कशी चाललीय विचारत होती. फोटो काढून ती आत गेली. परत आली तेव्हा तिने मास्क लावला होता आणि हातात माझ्यासाठी दुसरा होता.

तिने काहीच सांगितलं नाही. तिला सांगायची परवानगी नसते. पण मला निदान कळलं ते तिथेच. डॉक्टरांनी नंतर शब्द उच्चारला इतकंच.

डॉक्टर तरुण होते. ते बेडच्या कडेला बसले. मी पहिला प्रश्न विचारला तो, "माझा व्हिसा जाईल का?" ते म्हणाले, नाही, टीबी झाला म्हणून कोणी तुला परत पाठवत नाही. दुसरा प्रश्न, "नोव्हेंबरात जपानला जाता येईल?" ते म्हणाले, नाही. औषध किमान सहा महिने. तिसरा प्रश्न मी विचारला नाही. तो त्यांनी आपणहून सोडवला. "तू बरी होणार आहेस," ते म्हणाले. "गोळ्या घेतल्यास तर." मी मान हलवली. त्या वेळी मी फक्त नोव्हेंबरचा विचार करत होते, हे आज विचित्र वाटतं.

दोन दारांची खोली

थुंकीत जंतू दिसायचे बंद होईपर्यंत वेगळं ठेवतात. खोलीला दोन दारं. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मधल्या चिंचोळ्या जागेत सगळे मास्क लावायचे, म्हणून दोन आठवड्यांहून जास्त काळ मला कोणाचं नाक दिसलं नाही. छतातून हवा ओढणारं यंत्र सतत घुमत राहायचं. खिडकीतून कार पार्क दिसायचा. शिफ्ट संपवून आलेल्या नर्सेस गाडी कुठे लावली होती ते विसरायच्या आणि किल्ली हवेत धरून बटण दाबत फिरायच्या. माझी करमणूक ती.

सकाळी डबीत थुंकायचं. मग रक्त. मग गार टोस्ट. एकदा डोळ्यांची तपासणी, कारण एका गोळीने रंग ओळखण्यात गडबड होऊ शकते. सफाईला येणाऱ्या बाई मास्कच्या आतून रोज बाहेरचं हवामान सांगायच्या. "आज वारा आहे. आत आहेस ते बरंय." एवढंच बोलायच्या, पण एकही दिवस चुकवला नाही.

मरणाची भीती वाटली का, असं मुली विचारतात. फार नाही. शरीर इतकं दमलेलं असतं की भीती वाटायलाही ताकद लागते. भीती वाटली ती ग्रेस आली तेव्हा.

ग्रेस टीबीच्या विभागाची नर्स. मूळची मनिलाची. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता मला सांग, गेल्या काही महिन्यांत बंद जागेत तू कोणाकोणाबरोबर होतीस? तुझं नाव आम्ही कोणाला सांगत नाही."

"पण कळेलच ना त्यांना."

"हो," ती म्हणाली. "बहुतेक कळतं."

मी सांगत गेले. प्रणाली. मनजीत आंटी आणि त्यांचे नातू. मी काम करायचे त्या सँडविचच्या दुकानातले दोघं. डॅरेनची सगळी शाळा. साएको-सानचं नाव मी शेवटी घेतलं. ग्रेस म्हणाली, जपानच्या आरोग्य खात्याला कळवावं लागेल. मी विचारलं, "आधी मी कळवू का?" ती म्हणाली, "कळव. तेच बरं."

जपानीत या आजाराला केक्काकु म्हणतात. मी तो शब्द घालून मेसेज लिहिला, माफी मागितली आणि पाठवला. त्यांनी तो वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

घरी

आई नागपूरला सरकारी दवाखान्यात नर्स होती. टीबीच्या पेशंटना समोर उभं करून गोळ्या गिळायला लावणं हे तिचं अनेक वर्षांचं काम. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "थुंकी पॉझिटिव्ह?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "बरं. जेवतेस का?"

मागून बाबांचा आवाज आला. "कोणाला बोलू नको म्हणावं. न्यूमोनिया म्हणू."

माझ्या धाकट्या बहिणीच्या, प्रज्ञाच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलाकडचे पुढच्या आठवड्यात येणार होते. फोन स्पीकरवर होता, हे दोघंही विसरले.

"तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन सांगितलं, लपवू नका," आई म्हणाली. "आता माझ्या घरात लपवायचं?"

"लोकांच्या घरात पोरीचं लग्न नव्हतं."

"होतं. प्रत्येक घरात होतं."

मी फोन ठेवला. त्या दिवसांत आईबाबा एकमेकांशी प्रज्ञाच्या मार्फत बोलत होते. शेवटी प्रज्ञानेच मुलाला फोन करून सांगून टाकलं. त्याने नीट ऐकून घेतलं, तब्येतीची चौकशी केली. त्यानंतर त्या घरून फोन आला नाही. "बरं झालं," प्रज्ञा मला म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे मी विचारलं नाही.

कोणाला काय झालं

मनजीत आंटींचा फोन आला. "बेटा, बुरा मत मानना. घर में छोटे बच्चे हैं." मी म्हटलं, समजू शकते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरी जाईन तेव्हा माझ्यापासून कोणाला धोका नसेल. तेही मी आंटींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सामान पॅक करून ठेवते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून राजमा-चावलचा डबा आला. पुढेही येत राहिला. दोन्ही त्यांनीच केलं, आणि मी दोन्ही लक्षात ठेवलंय.

डॅरेनच्या शाळेतल्या काही जणांनी मला फोनवर ब्लॉक केलं. एकाची बायको गरोदर होती, तो शाळेच्या ग्रुपवर फार वाईट बोलला. तिची टेस्ट चांगली आली, पण तो परत आला नाही. डॅरेनने काय केलं, तर एका शनिवारी वायरींनी भरलेली व्हॅन रिकामी केली, उरलेल्या सगळ्यांना तीत कोंबलं आणि रक्त तपासायला घेऊन गेला. येताना सगळ्यांना चिप्स खाऊ घातले. मला फोटो पाठवला: अवाढव्य माणसं, प्रत्येकाच्या कोपराच्या घडीत कापसाचा बोळा. त्यांच्यापैकी कोणालाच काही निघालं नाही.

प्रणालीला निघालं.

तिला आजार नव्हता, शरीरात झोपलेले जंतू होते. ते जागे होऊ नयेत म्हणून तिला चार महिने गोळ्या लागणार होत्या. ते माझ्यामुळे आले की तिच्यात आधीपासून होते, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. आपल्याकडे कितीतरी जणांत ते असतात. हे ग्रेसने तिलाही समजावलं होतं.

तिने मला फोन केला. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"खोकत तर होतीस."

"हो."

"मी तुला म्हटलं होतं, दाखव जाऊन."

"म्हटलं होतंस."

तिने फोन ठेवला. तिच्या वडिलांनी पुण्याहून माझ्या बाबांना फोन केला आणि बाबांनी तो पूर्ण ऐकून घेतला. बाबा मला त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. आईने सांगितलं म्हणून कळलं.

गोळ्या

हॉस्पिटलमधून सुटल्यावर साळवे काकू मला घेऊन गेल्या. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात दोनदा भेटले होते, तेवढीच ओळख. त्यांच्या घरामागे एक खोली होती. माझ्यामुळे घरच्यांना तपासणी लागेल का, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं, गरज नाही हे कळल्यावरच मला बोलावलं. मला ते आवडलं. आंधळी दया नव्हती. ताट मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबरच टेबलावर.

रोज सकाळी ग्रेस व्हिडिओ कॉल करायची आणि मी तिच्यासमोर गोळ्या गिळायचे. मूठभर असतात. पहिल्या महिन्यात मळमळ इतकी की कॉल संपल्यावर मी अंगणात जाऊन उभी राहायचे. आईला हे सगळं फार ओळखीचं होतं. "माझा एक पेशंट जिभेखाली गोळी ठेवायचा," ती म्हणाली. "मी त्याला गाणं म्हणायला लावायचे." मी ते ग्रेसला सांगितलं. त्यानंतर काही दिवस ग्रेसने मला गाणं म्हणायला लावलं.

मधल्या काळात अवघड असतं ते वेगळंच. तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं. वजन वाढतं, खोकला जातो, आणि रोज सकाळी वाटतं की आता कशाला. इथेच मुली सोडतात. मीही एका आठवड्यात सोडल्या असत्या, ग्रेस समोर नसती तर. ज्या मला मेसेज करतात त्यांना मी एवढंच सांगते: रोज समोर बसून बघणारं एक माणूस शोधा. आई, मैत्रीण, नर्स, कोणीही.

पॅरामॅटाला क्लिनिकमध्ये महिन्याच्या तपासणीला गेले तेव्हा प्रणाली तिथे बसली होती. तिचीही तारीख तीच होती. ती दोन खुर्च्या सोडून बसून राहिली. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. आम्ही दोघी ते बघत होतो, दोघींनाही क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती समोर बघतच म्हणाली, "तुझीपण नारिंगी होते?"

"हो."

"मी युनीत घाबरून ओरडले होते. बाहेरची मुलगी विचारते, आर यू ओके इन देअर?"

मी हसले. तीही हसली. मग तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. आमची मैत्री परत झाली नाही. पण त्या दिवसानंतर मला छातीवरचं काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं, आणि ते औषधाने झालेलं नव्हतं.

साएको-सानचं उत्तर नोव्हेंबर उलटून गेल्यावर आलं. भाषांतर करून पाठवलेलं असावं. "कंपनीतल्या सर्वांची तपासणी दोनदा झाली. सर्व ठीक. दुसरी तपासणी होईपर्यंत तुला काय लिहावं हे मला कळत नव्हतं. औषध पूर्ण कर. डॉक्टरांचा कागद घेऊन ये."

मी तो मेसेज साळवे काकूंना वाचून दाखवला. त्या पोळ्या लाटत होत्या. "म्हणजे जाणार तू," त्या म्हणाल्या आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

तिकडे

डिग्री पूर्ण केली. बाबांची अट तेवढीच होती. मग गेले.

पहिलं वर्ष मी रेफरी नव्हते. रिंगचे लोखंडी खांब ट्रकमधून उतरवायचे, मॅट पुसायचा, टी-शर्ट विकायचे, मुलींसाठी मोठ्या पातेल्यात रस्सा शिजवायचा, परदेशी कुस्तीगिरांना कुठे आंघोळ करायची ते सांगायचं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रण आहे. जिने चढताना तो कधीकधी आठवण करून देतो. साएको-साननी पहिल्या दिवशी सगळ्या मुलींसमोर सांगितलं, "हिला केक्काकु झाला होता. आता नाही. कोणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा." एकीने विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, नाही. मग सगळ्या कामाला लागल्या.

दुसऱ्या वर्षी मला रेफरीचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट मिळाला. कधी शाळेच्या जिममध्ये, कधी बाजारपेठेतल्या छोट्या हॉलमध्ये लढती व्हायच्या. मी बऱ्यापैकी काम करत होते.

मग मिहोची लढत आली. मिहो कंपनीतली सगळ्यात मेहनती मुलगी. पहिल्यांदाच मुख्य लढत तिच्या वाट्याला आली होती, ती जिंकणार होती आणि तिचे आईवडील गावाहून येऊन पहिल्या रांगेत बसले होते. लढतीच्या मध्यावर ती दोरांवरून चुकीची पडली. मी वाकून विचारलं. "ठीक आहे," ती कुजबुजली. "चालू ठेव." तिचा डावा खांदा जिथे असायला हवा तिथे नव्हता.

"मिहो."

"चालू ठेव. प्लीज. आई बसलीय."

मी उभी राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. ही खूण खरी असते. ती केली की लढत संपते. खालून मिहो मला जपानीत जे काही म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलला गेले. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती, हात पट्ट्यात बांधलेला.

"बोलू नकोस माझ्याशी," ती म्हणाली.

"बरं."

मी खुर्चीवर बसले. नर्स येऊन ताप बघून गेली. जेवणाचा ट्रे आला, गेला. मिहोने काही खाल्लं नाही. बाजूच्या टेबलावर तिच्या आईने आणलेली संत्री होती, ती छोटी, सैल सालीची. मिहो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. एका हाताने सोलता येत नाहीत.

मी एक उचललं, सोललं, फोडी वेगळ्या केल्या आणि तिच्या उजव्या हाताजवळ ठेवल्या. तिने माझ्याकडे न बघता एक खाल्ली. मग दुसरी. सगळ्या संपल्या.

"अजून एक सोलू?" मी विचारलं.

थोड्या वेळाने तिने हात पुढे केला.